पदोन्नती

मी संगीत रंगभूमीवरचा एक यशस्वी पदकर्ता आहे, हे वाक्य मी आजवर तीनच ठिकाणी उच्चारले आहे. एकदा न्हाणीघरात, एकदा नांदुऱ्याच्या एस.टी. स्टँडवर (बस नुकतीच लागली होती आणि माणुसकी तात्पुरती स्थगित होती), आणि एकदा स्वयंपाकघराच्या दारात. पहिल्या दोन ठिकाणी कोणी हरकत घेतली नाही. तिसऱ्या ठिकाणी आमच्या सौ.नी कणीक तिंबता तिंबता विचारले, "त्यानं पगारात काय फरक पडतो?"

काहीच पडत नाही. बँकेत 'पद' या शब्दाला एकच अर्थ आहे आणि तो माझ्या वाट्याला कधी आलेला नाही. बावीस वर्षांपूर्वी बी.कॉम.चे प्रमाणपत्र हातात घेऊन मी ज्या खुर्चीत बसलो, तीच खुर्ची आजही माझ्याखाली आहे. फक्त तिचा एक पाय बदललेला आहे. अलीकडे कारकुनाला 'क्लार्क' म्हणायचे नाही असे ठरले. आता आम्ही ग्राहकांचे कसलेसे सहयोगी झालो आहोत. पद बदलले, चाल तीच राहिली.

बढतीची परीक्षा मी दोनदा पास झालो आणि दोन्ही वेळा 'वैयक्तिक कारणास्तव' नकार लिहून दिला. अधिकारी झालेल्या माणसापुढे बँक प्रथम भारताचा नकाशा पसरते आणि मग डोळे मिटून त्यावर बोट ठेवते. ते बोट खामगाववर पडत नाही, असा अनुभव आहे. आणि माझे वैयक्तिक कारण खामगावात ओसरीवर आरामखुर्चीत बसलेले असते. वय वर्षे ऐंशी, नाव अण्णा. "पूर्णेच्या पलीकडं मी आता जायचा नाही," असे त्यांनी एकदा जाहीर केले आणि आमच्या घराचे परराष्ट्र धोरण कायमचे ठरून गेले. मी मात्र रोज पूर्णेच्या पलीकडे जातो. खामगाव ते नांदुरा, तिथल्या एकशे पाच फुटी मारुतीला बसमधूनच नमस्कार, मग पूर्णेचा पूल, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी आमची शाखा असलेले जळगाव जामोद.

हे जळगाव म्हणजे ते जळगाव नव्हे. त्या जळगावाला केळी आहेत, सोने आहे. आमच्या जळगावाला शेजारच्या जामोदचा हात धरूनच जगापुढे उभे राहावे लागते. बायकोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नवऱ्यासारखे. एके काळी आमच्या कित्येक टपालपिशव्या खानदेशात जाऊन केळी खाऊन परत येत. बाहेरच्या लोकांना आमचा तालुका माहीत असतो तो भेंडवळच्या घटमांडणीमुळे. अक्षय्य तृतीयेला धान्य मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पावसाचा आणि पिकांचा अंदाज सांगतात. आमच्या शाखेत पीककर्जाचे अर्ज त्यानंतरच हलू लागतात, असे मी म्हणणार नाही. मला अजून चौदा वर्षे नोकरी करायची आहे.

पण या गावात एक वकील राहून गेले, हे मला शाखेत रुजू होईपर्यंत ठाऊक नव्हते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. तुम्ही म्हणाल, सुदाम्याचे पोहे. बरोबर. मराठीत विनोदी लेख लिहून पोट भरत नाही, हे कळूनही जे जे लिहीत राहिले त्या सगळ्यांचे ते मूळपुरुष. सुदामा, बंडूनाना, पांडुतात्या ही त्यांची माणसे. तुम्ही म्हणाल, महाराष्ट्रगीत. तेही बरोबर. शाळेत उन्हात उभे राहून आपण सगळ्यांनी ते म्हटले आहे आणि शेवटच्या कडव्याला ओठ नुसतेच हलवले आहेत. पण या गृहस्थाने डझनभर संगीत नाटके लिहिली आणि त्यांतली पदे स्वतःच रचली, हे किती जणांना सांगता येईल? आमच्या शाखेत मी विचारून पाहिले. कॅशियर म्हणाले, "कोल्हटकर? त्यांचं चालू खातं आहे का बचत?"

आता थोडे गंभीर बोलतो. काउंटर बंद असल्यासारखे समजा.

संगीत नाटक म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांचे. 1880 साली पुण्याला 'शाकुंतल' झाले, त्यात दोनशेवर पदे होती. (आजच्या प्रेक्षकाला दोनशे पदांनंतर उठवायला अग्निशामक दल बोलवावे लागेल. पण तेव्हा रात्र मोठी होती आणि दुसऱ्या दिवशी आठ-वीसची बस नव्हती.) किर्लोस्कर आणि देवल यांनी चाली घेतल्या त्या कीर्तनातल्या, लावणीतल्या, साकी-दिंडीतल्या, बायकांच्या गाण्यांतल्या. म्हणजे घरातल्याच डब्यांतले सामान. कोल्हटकर आले आणि त्यांनी शेजाऱ्याच्या घरात डोकावून पाहिले. पारशी मंडळींची उर्दू-गुजराती नाटके त्या वेळी जोरात होती. त्यांतल्या उडत्या, ठेक्याच्या चाली या तरुणाच्या कानात बसल्या. त्या चालींवर त्याने मराठी शब्द बसवले. 1896 साली 'वीरतनय' आले. वकिलीची परीक्षा झाली 1897 मध्ये. सनद हाती पडण्याआधी किर्लोस्कर मंडळीसारखी कंपनी त्यांची पदे गाऊ लागली होती. आमच्याकडे मुलगा आधी नोकरीला लागतो आणि मग, जमल्यास, पेटी शिकतो. कोल्हटकरांनी क्रम उलटा केला. नंतर अकोला, खामगाव, जळगाव जामोद अशी वकिली चालू राहिली आणि नाटकेही चालू राहिली.

या माणसाबद्दल एक गोष्ट वाचली आणि माझा विनोद थोडा वेळ बंद पडला. लहानपणी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. चेहऱ्यावर त्याची खूण राहिली, उच्चार स्पष्ट होत नसत. ज्याची स्वतःची जीभ स्वतःचे ऐकत नव्हती, तो माणूस महाराष्ट्रातल्या सगळ्यात गोड गळ्यांसाठी शब्द लिहीत होता. त्यांच्या एका नाटकाचे नावच 'मूकनायक' आहे. त्यातला नायक मुक्याचे सोंग घेतो. आज 'मूकनायक' म्हटले की बाबासाहेबांचे 1920 सालचे पाक्षिक आठवते आणि ते योग्यच आहे. पण त्याआधी ते एक संगीत नाटक होते, दारूच्या व्यसनावरचे. दारूवरचे नाटक म्हटले की तेसुद्धा लोकांना गडकऱ्यांचे 'एकच प्याला' आठवते. गडकरी कोल्हटकरांना गुरू मानत. शिष्य 1919 च्या जानेवारीत तेहतिसाव्या वर्षी गेला, 'एकच प्याला'तली पदे गुर्जरांनी लिहिली, आणि ती अजून घरोघर चालू आहेत. गुरूंची मात्र एक-दोन कुठे मैफलीत ऐकू येतात.

याचे कारण जाणकार असे सांगतात की शब्दांत कोट्या फार, रचना अवघड. असेल. कोटी या विषयावर मला अधिकाराने बोलता येत नाही. मी ती फक्त दुसऱ्यांच्या खात्यांत पाहतो. पण मला वाटते खरे कारण चालींत आहे. 1911 साली खाडिलकरांचे 'मानापमान' आले, गोविंदराव टेंब्यांच्या चाली, 1916 साली 'स्वयंवर' आले, भास्करबुवा बखल्यांच्या चाली, आणि गायला बालगंधर्व. लोकांना रागदारीची गोडी लागली. पारशी वळणाच्या चालींचा हंगाम संपला आणि चाल गेली तशी तिच्या पाठीवर बसलेले शब्दही गेले. दुसऱ्याच्या जामिनावर कर्ज काढले की असेच होते. 1927 साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, मान होता, शिष्य होते; पण नाटकगृहातली ती टाळी गेली होती. 1934 साली ते गेले. महाराष्ट्रगीत तेवढे शाळेच्या मैदानावर उभे राहिले. राज्यगीताचा मान 2023 साली राजा बढ्यांच्या गीताला मिळाला. बढे नागपूरचे, म्हणजे विदर्भाबाहेर तरी गेला नाही, एवढेच आमच्या भागाचे समाधान. विदर्भात एवढे पदकर्ते का व्हावेत, हे मला कळत नाही. 'मंदारमाला'चे विद्याधर गोखले अमरावतीचे, 'कट्यार'चे दारव्हेकर नागपूरचे. खामगाव-जालना रेल्वेची शंभर वर्षे वाट पाहता पाहता माणसाला गुणगुणण्याची सवय लागत असावी.

आता अण्णांकडे येतो. खरे म्हणजे मी तिथूनच निघालो होतो.

अण्णांची स्मरणशक्ती गेल्या तीन-चार वर्षांत हळूहळू निवृत्ती घेते आहे. आधी चष्मा कुठे ठेवला ते जायचे. मग गोळ्या घेतल्या की नाही ते जाऊ लागले. मग एके दिवशी माझ्या मुलीला त्यांनी आत्याच्या नावाने हाक मारली आणि तिने "काय अण्णा?" म्हणून ओ दिली. पोरगी शहाणी आहे. आईवर गेली आहे. पण पहाटे साडेचारला अण्णा जागे होतात आणि एक चाल गुणगुणतात. ती चाल मात्र जागची हललेली नाही. उडती, ठेक्याची, मध्येच एक गिरकी घेऊन पुन्हा समेवर येणारी. लहानपणापासून ऐकतो आहे. माझे आजोबा खामगावच्या कापूस बाजारात अडत्याकडे मुनीम होते. कापसाचा पैसा आला की नाटक कंपन्या वऱ्हाडात उतरत, आणि आजोबांनी पिटातल्या जागेवर बसून ही चाल घरी आणली. तिच्याबरोबर शब्दही आणले होते. अण्णा पेटीवर ते पद म्हणायचे, हे मला आठवते. शब्द आठवत नाहीत. मुलाच्या वयात बापाची गाणी कोण ऐकतो?

"अण्णा, हे पद कोणतं?" मी एका पहाटे विचारले.

"कोल्हटकरांचं. बाबा सांगायचे."

"शब्द काय आहेत त्याचे?"

अण्णांनी डोळे मिटले. बोटे खुर्चीच्या हातावर पेटीसारखी हलली. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "होते रे शब्द. चांगले होते."

मला हिशेबातला एक पैसाही जुळला नाही तर घरी जाता येत नाही, अशी बावीस वर्षांची सवय आहे. मी शोधाला लागलो.

पहिला प्रयत्न मुलीने केला. तिच्या मोबाइलला गुणगुणून दाखवले की गाणे ओळखतो म्हणे. अण्णांनी दोनदा गुणगुणले, मोबाइलने विचार केला आणि एक जुने हिंदी सिनेमाचे गाणे काढून दिले. आम्ही हसलो. पण नंतर वाटले, यंत्र फार चुकलेही नसेल. आपला पहिला बोलपट 'आलम आरा', 1931 चा, तोच मुळी पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरून घेतलेला. तिथल्या चाली काही मराठी नाटकात आल्या, काही सिनेमात गेल्या. एकाच बापाची लेकरे. एकाला आडनाव राहिले, दुसऱ्याचे हरवले.

दुसरा प्रयत्न वाचनालयात. ग्रंथपालांनी कपाटाच्या तळातून कोल्हटकरांची तीन नाटके काढून दिली. मुखपृष्ठे नव्हती. वाळवी ही मराठी संगीत नाटकांची आज उरलेली एकमेव निष्ठावंत वाचक आहे. ती अंकामागून अंक सोडत नाही. मी पदांची पाने मोबाइलवर टिपून घरी आणली आणि तेव्हा मला पदकर्त्याच्या धंद्यातली खरी मेख कळली. प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' असे छापलेले असते आणि पुढे दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे सुरुवातीचे शब्द. कुठे उर्दू, कुठे गुजराती. म्हणजे ते गाणे ज्याला येत असेल त्यानेच हे गावे. आणि ते गाणे येणारी माणसे शंभर वर्षांपूर्वी उठून गेली. आमच्या बँकेत असे कागद पुष्कळ असतात : 'संदर्भ : आमचे पत्र क्रमांक अमुक.' ते पत्र काढावे तर त्यात दुसऱ्या पत्राचा संदर्भ. ते फायलीत नसते.

तरी मी रोज रात्री अण्णांजवळ बसून एकेक पद त्यांच्या चालीला लावून पाहू लागलो. चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहावी तसे. काही शब्द पहिल्या ओळीतच बाहेर सांडायचे. काही अर्धे जुळायचे आणि गिरकीपाशी पाय घसरायचा. अण्णा प्रत्येक वेळी लक्ष देऊन ऐकायचे आणि शांतपणे म्हणायचे, "हे नव्हे." एका पदाला तर त्यांनी मान डोलावली. माझ्या अंगावर काटा आला. पद संपल्यावर म्हणाले, "छान आहे. पण हे नव्हे." तीन आठवड्यांत तीन नाटके संपली. बाकीची वाचनालयात नव्हती. मिळतील तिथे शोधतोच आहे, पण अण्णांचे काम त्या वेगाने चाललेले नव्हते.

आणि नेमके त्याच सुमारास आमच्या मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. वार्षिक स्नेहसंमेलनात जिल्ह्यातल्या प्रत्येक शाखेने एक कार्यक्रम द्यायचा होता. मागच्या वर्षी आमच्या शाखेने भाषण दिले होते आणि त्याचे पडसाद वरपर्यंत गेले होते.

"तुम्ही काहीतरी लिहिता ना? एक नाटक लिहून टाका. विषय वसुली घ्या, मोठे साहेब खूश होतील. आणि गाणी घाला मधूनमधून."

"संगीत नाटक?"

"तेच ते. शुक्रवारपर्यंत द्या."

अशा रीतीने 'संगीत थकबाकी' या तीन प्रवेशी नाटकाचा जन्म झाला. पदे नऊ. लिहिली सगळी एस.टी.त, पूर्णेच्या अलीकडे पाच आणि पलीकडे चार. आठ पदांच्या चाली मी सिनेमातून उचलल्या. आमचे पेटीवाले गुरुजी म्हणाले, "ही उचलेगिरी झाली." मी कोल्हटकर आणि पारशी रंगभूमी असा सगळा खटला त्यांच्यापुढे मांडला. ते म्हणाले, "ते वकील होते, सुटले. तुम्ही अडकाल."

पण या धंद्यात पडल्यावर मला कोल्हटकरांबद्दल वाटणारा आदर चौपट झाला. आयती चाल म्हणजे आयता सदरा. दुसऱ्याच्या मापाचा. तुमचे शब्द कितीही देखणे असोत, बाही जिथे संपते तिथेच त्यांनी हात संपवायचा. मला 'पुनर्रचित कर्जखाते' हा शब्द घालायचा होता, आणि चालीत जागा होती 'या ना' एवढीच. एका ओळीसाठी मी नांदुऱ्याला उतरायचे विसरलो आणि शेगावला जाऊन गजानन महाराजांचे अनपेक्षित दर्शन घेऊन आलो. आणि हा गृहस्थ दिवसा कोर्टात अर्ज, दावे, कैफियती लिहून, बारा-बारा नाटकांत हे करत बसला होता. तेही स्वतः गाऊन न दाखवता.

नववे पद शेवटचे. कर्जदार, जामीनदार आणि वसुलीला आलेला कारकून, तिघेही दमून एका बाजेवर बसतात, तिथले. त्याला कोणतीच सिनेमाची चाल बसेना. रात्री अकराला अण्णांच्या खोलीतून ती गिरकी ऐकू आली. मी उठलो, आणि दहा मिनिटांत पद झाले :

थकली बाकी, थकलो मीही, थकले खातेदार
जामिनदारा, येई धावत, तूच एक आधार

ही ओळ थोर आहे असा माझा दावा नाही. पण ती गिरकीपाशी घसरली नाही.

नायक झाले कॅशियर, कारण नोटा मोजताना त्यांच्या हाताला लय असते. जामीनदाराचे काम आमच्या सुरक्षा रक्षकाकडे गेले. हा लष्करातून निवृत्त झालेला, मिशा जाड, आवाज लोणारच्या विवरातून यावा तसा घुमणारा. तालमीसाठी तो घरी यायचा. ओसरीवर बंदूक न घेताही तो सावधान उभा राहायचा आणि अण्णा त्याला चाल शिकवायचे. "अंहं. इथं घाई करू नका. इथं थोडं थांबायचं, मग वळायचं." तो "यस सर" म्हणून वळायचा, पहिल्या दिवशी तर खरोखरच उजवीकडे वळला. पंधरा दिवस आमच्या घरात थकबाकीशिवाय दुसरा विषय नव्हता. अण्णांना सकाळी काय खाल्ले ते आठवत नव्हते, पण संध्याकाळी सहाला ते पेटी पुसून तयार असत. सौ. एकदाच म्हणाल्या, "होऊ द्या हो तुमचं ते नाटक आणखी लांब." तिला नाटक मुळीच आवडलेले नव्हते.

प्रयोग खामगावच्या एका मंगल कार्यालयात झाला. अण्णांना पहिल्या रांगेत बसवले. नाटकाबद्दल फार सांगत नाही. दुसऱ्या प्रवेशात कर्जदाराचा फेटा सुटला, आणि एका पदात पेटी आणि नायक वेगवेगळ्या गाड्यांनी मुक्कामाला पोचले. पण शेवटच्या पदाला रक्षकाने जो सूर लावला तो मागच्या रांगेत जेवणाच्या ताटांपर्यंत गेला. चमचे थांबले. वन्समोअर मिळाला. खराखुरा, मागून घेतलेला नव्हे. मी विंगेत उभा राहून अण्णांकडे पाहत होतो. ते हाताने ठेका धरत होते आणि ओठ हलत होते. नुसते गुणगुणणे नव्हते ते. शब्द होते.

प्रयोगानंतर मोठे साहेब आत आले. त्यांनी रक्षकाचा हात हातात घेतला. पेटीवाल्या गुरुजींना शाबासकी दिली. फेट्याचे कौतुक केले. ते त्यांना मुद्दाम केलेले वाटले. मग म्हणाले, "शेवटच्या गाण्याची चाल फार सुंदर. कोणाची आहे?"

"आमच्या वडिलांकडून आलेली," मी म्हणालो.

"वा! वा!" म्हणून ते जेवायला गेले. शब्द कोणाचे, हे त्यांनी विचारले नाही. नंतरही कोणी विचारले नाही. लोक भेटले की म्हणायचे, चाल मस्त, आवाज मस्त, श्रीखंड मस्त. ज्या पदाचे शब्द वेगळे ऐकू येत नाहीत ते चांगले बसलेले पद, असे मी मनाला समजावले. शिवाय साहेबांनी शब्द नीट ऐकले असते तर वसुलीपेक्षा कर्जदाराचीच बाजू त्यात जास्त आहे, हे त्यांच्या ध्यानात आले असते, आणि मग बँकेच्या बोटाने नकाशावर माझ्यासाठी जागा शोधली असती.

शब्द ऐकणारा एकच माणूस भेटला. पंधरा दिवसांनी काउंटरवर एक शेतकरी आले. सोयाबीनचे कर्ज, दोन वर्षांची थकबाकी, नोटीस हातात. कोणीतरी त्यांना मोबाइलवर ते गाणे पाठवले होते.

"सायेब, हे थकली बाकी तुमीच लिहेल हाये काय?"

"हो."

"बराबर लिहेल हाये." ते नोटिशीची घडी घालत म्हणाले. "मंग हे काहून पाठोता?"

याला माझ्याकडे नऊही पदांत उत्तर नव्हते. मी त्यांना आत बसवले आणि 'पुनर्रचित कर्जखाते' या लांबलचक शब्दाचा अर्ज स्वतः भरून दिला. चालीत बसला नव्हता तो, फॉर्मात बसला.

गेल्या रविवारी वाचनालयाचे ग्रंथपाल घरी आले. माझ्यासाठी आणखी एक नाटक आणले होते, मधली वीस पाने नसलेले. अण्णा त्या दिवशी प्रसन्न होते. ग्रंथपालांना त्यांनी समोर बसवून घेतले, पेटी मागवली आणि म्हणाले, "तुम्ही पुस्तकांतले आहात म्हणून ऐकवतो. माझ्या वडिलांनी खामगावला ऐकलं होतं. कोल्हटकरांचं पद आहे." आणि अख्खे पद म्हटले, थकल्या बाकीपासून जामीनदारापर्यंत, एकही शब्द न चुकता. गिरकीपाशी थोडे थांबले, मग वळले.

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. ते स्नेहसंमेलनाला आले होते; तिसऱ्या रांगेत होते.

"कोणत्या नाटकातलं म्हणायचं हे?" त्यांनी विचारले.

"ते याला विचारा," अण्णा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "यानं सगळी शोधून काढली आहेत."

मी चहाचे कप गोळा केले आणि आत गेलो.